गोळीचे माप आणि हाडांचे माप

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या शिबिरात आरोग्यविषयक माहितीच्या प्रसारावर बोलावे, अशी मला आज्ञा झाली. मी वैद्यक शिकलेला नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी एवढीच माझी पात्रता. तेव्हा जे ज्ञान माझे नाही त्याचा आव मी आणणार नाही. तथापि गेल्या काही वर्षांत एका विषयाशी माझा फार जवळून परिचय झाला, आणि त्या परिचयात माझ्या स्वतःच्या व्यवसायातील एक उणीव मला दिसली. ती आपणापुढे मांडावी, असे ठरवून आलो आहे.

विषय आहे स्टेरॉइड आणि कॅल्शियम. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या दोन्ही गोळ्या असतील. एकीचे नाव काढताच लोक घाबरतात आणि दुसरीचे नाव ऐकताच निर्धास्त होतात. माझ्या मते या दोन्ही भावना सारख्याच चुकीच्या आहेत.

प्रथम थोडी शरीराची माहिती सांगितली पाहिजे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या नाण्याएवढे. परंतु या ग्रंथी निकामी झाल्या तर माणूस जगू शकत नाही. त्या कॉर्टिसॉल नावाचे हॉर्मोन तयार करतात. ताप, जखम, उपास, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक संकटात रक्तदाब आणि रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम ते करते. याच ग्रंथींतून आल्डोस्टेरोन नावाचे दुसरे हॉर्मोन निघते. ते शरीरातील मीठ राखते आणि जादा पोटॅशियम बाहेर टाकते. कॉर्टिसॉलची पातळी पहाटे चढते, सकाळी सर्वांत अधिक असते आणि रात्री उतरते.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या रोगावर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अकरा रुग्णांची हकीकत होती. विलक्षण अशक्तपणा, मंद नाडी, भूक मरणे आणि त्वचेचा रंग काळवंडणे ही लक्षणे त्यांनी नोंदली. शवविच्छेदनात त्यांपैकी अनेकांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरलेल्या आढळल्या. आज पाश्चात्त्य देशांत या रोगाचे मुख्य कारण निराळे आहे. तेथे शरीराचीच संरक्षक यंत्रणा या ग्रंथींवर उलटते. आपल्याकडे मात्र क्षयरोग हे कारण अद्याप पुसले गेलेले नाही, ही गोष्ट येथील आरोग्यसेवकांनी ध्यानात ठेवावी.

ॲडिसन यांच्या काळी यावर इलाज नव्हता. तो यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी या ग्रंथींतील द्रव्ये वेगळी केली. स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइन त्याच शोधात होते. पुढे बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्यांच्या किचकट प्रक्रियेने, कॉर्टिसोन बनविता येऊ लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळून गेलेल्या एका तरुण स्त्रीला ते टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या आनंदाच्या भरात हे औषध मोठ्या मात्रेत सर्रास वापरले गेले, आणि थोड्याच वर्षांत त्याची दुसरी बाजू उघडी पडली. चेहरा चंद्रासारखा गोल होणे, साखर वाढणे आणि मणक्याची हाडे दबून मोडणे असे प्रकार दिसू लागले. खरे तर शरीरात कॉर्टिसॉल आपोआप जास्त झाले तर काय होते, हे हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवले होते आणि त्यात ठिसूळ हाडांचाही उल्लेख होता.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण सर्व घोटाळा त्याच्या अभावी होतो. स्टेरॉइडची गोळी दोन अगदी भिन्न कारणांसाठी दिली जाते. ज्याच्या ग्रंथी काम करीत नाहीत त्याला ती उणीव भरून काढण्यासाठी देतात. येथे मात्रा अल्प असते. दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन किंवा तीन वेळा विभागून, किंवा त्याऐवजी साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. निरोगी शरीर जे स्वतः करते तेवढेच बाहेरून पुरवावयाचे. दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांत मात्र दाह दाबण्यासाठी ४० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्रेडनिसोलोन द्यावे लागते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, हे कोष्टक धरले तर ती मात्रा शरीराच्या गरजेच्या आठपट झाली. पहिल्या माणसाला गोळी म्हणजे अन्न, दुसऱ्याला औषध. दोघांच्या हातात गोळी तीच दिसते, म्हणून गाव दोघांना एकच सल्ला देतो.

हाडांचे नुकसान मुख्यतः दुसऱ्या प्रकारात होते. मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड नवीन हाड घडविणाऱ्या पेशींचे काम थांबवते, आतड्यातून कॅल्शियम शोषले जाणे कमी करते आणि लघवीवाटे ते अधिक जाऊ देते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि जाळीदार हाड असलेल्या मणक्यांना तिचा फटका अधिक बसतो. म्हणूनच तीन महिने वा त्याहून अधिक काळ दररोज अडीच मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन घ्यावयाचे असेल, तर आहार व गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० एकक ड जीवनसत्त्व पोटात जावे, असा संधिवाततज्ज्ञांचा संकेत आहे. आहार व गोळ्या मिळून, हे शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारतो. उणीव भरण्यापुरती मात्रा घेणाऱ्याची हाडे, ती मात्रा बेताची असेल तर, एवढी झिजत नाहीत. ती सवयीने वा भीतीने वाढत गेली तर मात्र झिजतात.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझी थोरली बहीण प्राथमिक शिक्षिका. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिला फुप्फुसाचा क्षय झाला होता. औषधे पूर्ण केली आणि ती बरी झाली. पुढे वीसएक वर्षांनी तिला थकवा जाणवू लागला. वर्गात उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई. वजन उतरले. हाताच्या रेषा, बोटांची पेरे, हिरड्या काळपट झाल्या. शाळेतल्या बाई म्हणत, उन्हातून येता-जाता म्हणून. लोणच्याचा खार ती चमच्याने पिई, त्याची आम्ही थट्टा करीत असू. दीड वर्ष असे गेले. या काळात लोह झाले, टॉनिक झाले, अंगारा झाला. शेवटी एका डॉक्टरांनी तिचे तळहात उजेडाकडे धरून पाहिले आणि सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली. रोग ॲडिसनचा निघाला. छायाचित्रात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत चुन्यासारखे कण साचलेले दिसत होते. जुन्या क्षयाची ती खूण होती.

गोळ्या सुरू झाल्यावर चार दिवसांत ताई स्वयंपाकघरात उभी राहिली. हेंच यांची ती हकीकत मी नंतर वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली होती.

त्यानंतर मात्र सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. एक म्हणाला, स्टेरॉइड म्हणजे विष, हळूहळू सोडा. दुसरा म्हणाला, ग्रंथीत चुना साचला आहे, तेव्हा दूध बंद करा. (खाल्लेल्या कॅल्शियमचा आणि ग्रंथीतल्या त्या कणांचा काडीइतकाही संबंध नाही. जुनी जखम भरताना ते तेथे साचलेले असतात.) तिसऱ्याने बरोबर उलटे सांगितले: स्टेरॉइडने हाडे पोकळ होतात, कॅल्शियम जितके घ्याल तितके थोडे. ताईचे वय एक्कावन्न. आईचे खुब्याचे हाड मोडल्याचे तिने पाहिलेले. तिला तिसरा सल्ला पटला.

तो पटावयास आणखी एक कारण होते, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. हाडांच्या आरोग्यावरील एक पत्रक मी पूर्वी तयार केले होते. त्यात ‘भरपूर कॅल्शियम घ्यावे’ असे एक वाक्य होते. ‘भरपूर’ हा शब्द माझा. मूळ टिपणात आकडा होता. तो सामान्य वाचकाला जड जाईल म्हणून मी काढला आणि त्या जागी विशेषण घातले. ते पत्रक ताईने जपून ठेवले होते, भावाने लिहिले म्हणून.

डॉक्टरांनी तिला कॅल्शियमची एक गोळी रोज आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असे लिहून दिले होते. चिठ्ठी इंग्रजीत आणि संक्षिप्त. ताईने पुडी रोज घ्यावयाची असे समजून घेतले आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सहा केल्या. पुड्या संपल्या की दुकानातून नव्या आणवीत असे. कोणी विचारले नाही. अडीच महिने हे चालले. पन्नाशीपुढील माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम आणि ४००० एककांपेक्षा अधिक ड जीवनसत्त्व नेहमी घेऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २०११ साली घालून दिली आहे. ताईच्या गोळ्यांतून ३००० मिलिग्रॅम कॅल्शियम जात होते आणि ड जीवनसत्त्व त्या मर्यादेच्या पंधरापट.

रक्तात कॅल्शियम वाढले म्हणजे तहान लागते, लघवी वाढते, शौचास साफ होत नाही, मळमळते आणि पुढे उलट्या होऊन बुद्धी भ्रमिष्ट होते. ही लक्षणे एकेक करून येत गेली. त्यांपैकी उलटी ताईच्या बाबतीत सर्वांत घातक होती. का, ते पाहा. तिच्या शरीरात कॉर्टिसॉलचा एकही थेंब तयार होत नव्हता. सकाळची गोळी पोटात ठरली तरच दिवस निभणार. उलटीबरोबर ती गोळीही बाहेर पडली, दुसऱ्या दिवशीचीही पडली. कॅल्शियमच्या अतिरेकाने स्टेरॉइडची उपासमार झाली. शिवाय अधिवृक्क ग्रंथींचे हॉर्मोन कमी पडले की रक्तातील कॅल्शियम आणखी वाढू शकते, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. एक संकट दुसऱ्याला वाढवीत होते.

मला फोन आला तेव्हा मी दौऱ्यावर होतो. भाच्याने सांगितले, ‘मामा, आई मला ओळखत नाही.’ मी पोहोचेपर्यंत तिला तालुक्याच्या गावी हलविले होते. रक्तदाब साठावर आलेला. तेथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणती औषधे चालू आहेत? भाच्याने पुड्यांचा डबाच बरोबर आणला होता, ही त्याची समयसूचकता. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या पाहताच त्यांनी रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले आणि सलाइन लावले. नंतर अहवाल आला. कॅल्शियम १३.८ होते. ते साधारणपणे साडेआठ ते साडेदहा असावे लागते. योगायोग असा की जादा कॅल्शियमवरही सलाइन आणि ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकावरही तेच इंजेक्शन उपयोगी पडते. सहा दिवसांनी ताई घरी आली.

घरी आल्यावर तिने मला पत्रक दाखविले. रागाने नव्हे. ‘अरे, भरपूर म्हणजे किती, ते लिहावयाचे राहिले का तुझे?’ एवढेच विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि पाळी गेलेल्या स्त्रीला थोडे अधिक. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत तेवढे आले. दोन वाट्या दूध वा दही, अदमासे ४०० ग्रॅम, म्हणजे आणखी ४८० च्या आसपास. शेवग्याचा पाला, मेथी, तीळ यांची थोडी भर. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात जी थाळी आपले आजोबा-आजी खात, तिने हे गणित बव्हंशी सुटते. ताईला एक गोळी पुरेशी होती, ती डॉक्टरांनी दिलेलीच होती. ज्याच्या ताटात दूध आणि नाचणी दोन्ही नाहीत त्याला दोन लागतील. ते ताट पाहून ठरते, भीती पाहून नव्हे.

गोळीवरचा आकडाही फसवा असतो. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅमच कॅल्शियम, कारण त्यात धातूचा अंश शेकडा चाळीसच आहे. एका वेळी ५०० पेक्षा अधिक घेतल्यास शोषण घटते. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी व काही प्रतिजैविके यांच्याशीही तिचे जमत नाही. हाडे ठिसूळ झालेल्यांना डॉक्टर कधी आठवड्याची एक विशिष्ट गोळी देतात. ती पहाटे उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास बसून किंवा उभे राहावे लागते आणि कॅल्शियम तिच्यासोबत मुळीच घ्यावयाचे नसते. (पाहा, ‘भरपूर’ पुन्हा आले. पेलाभर म्हणतो.) आम्लपित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधे स्टेरॉइडचे शोषण कमी करू शकतात, तेव्हा त्यांतही दोन तास ठेवावेत. ताईने आता हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला हिस्सा उठताच, दुसरा दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर असे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे. शाळेचे वेळापत्रक असते तसे, तांबड्या-निळ्या शाईत.

घरगुती उपायांविषयीही बोलले पाहिजे. खोकल्यासाठी आपण जेष्ठमध सहज चघळतो. एरवी त्यात काही वावगे नाही. परंतु ते नित्य व अधिक घेतले तर कॉर्टिसॉलचा परिणाम शरीरात रेंगाळतो, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. स्टेरॉइड घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सांधेदुखीवर वा दम्यावर बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्या देशात अनेक आहेत. अशा पुडीने दोन दिवसांत आराम पडला, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, आणि मग कोणी ती एकाएकी थांबविली, तर तो माणूस कोसळू शकतो. बाहेरून मिळते म्हटल्यावर अधिवृक्क ग्रंथी आपले काम बंद करतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतले असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते. ‘विष आहे, सोडून दे’ हा शेजाऱ्याचा सल्ला म्हणूनच जिवावर बेततो.

आशा कार्यकर्त्यांसाठी क्षयरोगाबाबत एक गोष्ट सांगतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला कॉर्टिसॉल जलद मोडावयास लावते. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला ते सुरू झाले तर त्याची स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. आणि ज्याच्या ग्रंथी आतून पोखरल्या आहेत पण अजून कळलेले नाही, असा रुग्ण क्षयाची औषधे चालू केल्यावर एकदम खचू शकतो. ‘औषधे उष्ण पडली’ असे म्हणून त्याला घरी निजवून ठेवू नये.

आता आपल्याला गावात काय करता येईल? अधिवृक्क ग्रंथी निकामी असलेल्या माणसाला ताप आला तर त्याची गोळी दुप्पट किंवा तिप्पट करावी लागते. तो किती दिवस, ते त्याच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले असावे. उलट्या होत असतील, अपघात झाला असेल किंवा शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर गोळीने भागत नाही, इंजेक्शनच हवे. ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे किंवा नाही, हे रुग्ण घरी सुखरूप असतानाच विचारून ठेवावे. अशा माणसाला एकादशीचा निर्जळ उपास आणि ‘मीठ कमी खा’ हा सरसकट उपदेश दोन्ही मानवत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच विकार होता. १९४७ साली लंडनमध्ये तो ओळखला गेला, आणि १९५४ साली त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा जपून स्टेरॉइडचे आवरण द्यावे लागले. शिक्षकांनी हे यासाठी लक्षात ठेवावे की हा रोग माणसाला निकामी करीत नाही. ताई पुढील वर्षी वर्ग सोडून गेली नाही, तिने चौथी शिकविली.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२० साली स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी खिशात ठेवावयाचे एक तातडीचे कार्ड काढले. ते पाहून मी मराठीत तसाच एक साधा नमुना तयार केला आहे. ‘मला स्टेरॉइडची नित्य गरज आहे, ते थांबवू नये. मी बेशुद्ध असल्यास किंवा उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तात्काळ द्यावे’, असा वरच्या बाजूस मजकूर आहे. मागील बाजूस नाव, दूरध्वनी आणि प्रत्येक औषधापुढे तीन रकाने: किती, कधी, कोणत्या दिवसापर्यंत. हे रकाने मी कोरे ठेवले आहेत. ते आपण भरू नयेत, मीही भरणार नाही. डॉक्टरांकडून भरून घ्यावेत आणि त्यांनी इंग्रजीत लिहिले तर तेथेच बसून त्यांच्यासमोर मराठीत उतरवून घ्यावेत. शिक्षकांचे अक्षर चांगले असते, त्यांनी एवढे एक काम शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी करावे.

कार्डांचे गठ्ठे दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या गावात असा कोणी रुग्ण असेल त्यांनी दोन-दोन न्यावीत, एक खिशासाठी आणि एक घरातील भिंतीसाठी.